‘मला मराठाच पाहिजे!’ : रेजिमेंट निवडताना या चुका टाळा

पहाटे पाचला मैदानावर नवा पोरगा आला की मी आधी विचारतो, “कशात जायचंय?” दहातली आठ पोरं छाती काढून सांगतात, “मराठा.” म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, पायदळाची रेजिमेंट. एखादा म्हणतो, “पॅरा कमांडो.” आणि एखादा नुसता मान खाली घालून उभा राहतो. मला त्या गप्प पोराची काळजी कमी वाटते. ठाऊक नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो विचारतो तरी. बाकीच्यांनी ठरवून टाकलेलं असतं, आणि कशावरून ठरवलं विचारलं तर उत्तर येतं : मोबाइलवरचा व्हिडिओ, नाहीतर चुलत्याची टोपी.

मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत, 24 वर्षं काढली आणि हवालदार म्हणून घरी आलो. तेव्हापासून सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात भरतीच्या पोरांना पळवतो. पळण्यातल्या चुका मैदानावर सुधारतात. रेजिमेंटबद्दलच्या चुका मात्र पोरगा सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राला, पोचल्यावर बाहेर पडतात, आणि तिथे त्याला सांभाळायला मी नसतो. म्हणून हे लिहितोय.

नाव निवडलं, काम बघितलंच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती दरवर्षी होते.

मराठा लाइट इन्फंट्रीचा मान मोठा आहे, त्यात वाद नाही. पहिली बटालियन, जिला सगळे जंगी पलटण म्हणतात, ती 1768 सालची. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच रेजिमेंटमध्ये. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धघोषणा ऐकून माझ्याही अंगावर काटा येतो. पण पोरा, घोषणा अधूनमधून होते. रोज असतं ते काम. पायदळाचं रोजचं काम म्हणजे पाठीवर वजन, हातात रायफल, चौकीवरची ड्युटी, गस्त आणि परत तेच. ज्याला हे मनापासून आवडतं त्याच्यासाठी पायदळासारखी जागा नाही. ज्याचा जीव यंत्रात रमतो, तो तिथे रोज कुढतो.

तोफखान्यात मोजमाप आणि हिशेब चोख लागतो. एका तोफेवरची माणसं एका हाताच्या बोटांसारखी चालावी लागतात. सिग्नल्समध्ये संपर्क तुटला की रात्र असो वा बर्फ, जोडेपर्यंत झोप नाही. ईएमईत, म्हणजे दुरुस्ती विभागात, गाड्या, हत्यारं, उपकरणं दुरुस्त करायची. रणगाड्यात तीन-चार माणसांनी लोखंडाच्या पेटीत दिवस काढायचा. एएससीत, म्हणजे पुरवठा विभागात, रेशन आणि इंधन पुढच्या चौकीपर्यंत पोचवायचं, आणि डोंगरातल्या त्या रस्त्यांवर गाडी चालवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. अग्निवीराचा, म्हणजे अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाचा, पगार सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो हातात काय येतं याचा.

माझंच सांगतो. 1994 ला मला बेळगावच, म्हणजे मराठ्याचं सेंटर, पाहिजे होतं आणि मिळालं खडकी, बॉम्बे सॅपर्सचं. सॅपर म्हणजे मातीकाम, असं गावात कोणीतरी सांगितलेलं. पहिला महिना मी तोंड पाडून काढला. मग एके दिवशी बेली पुलाच्या, म्हणजे लोखंडी भाग जोडून उभारायच्या पुलाच्या, कामावर नेलं. बेली पुलाचं एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच आणि साधारण 260 किलोचं. ते सहा जणांनी उचलायचं. खालून दांडे घालायचे, उस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, हुकमावर सगळ्यांनी एकदम उठायचं आणि एका पावलात चालायचं. एकाचा खांदा खाली गेला की बाकी पाच जणांच्या मणक्याला कळतं. त्या दिवशी माझाच खांदा गेला. उस्ताद ओरडले नाहीत. पॅनेल खाली ठेवायला लावलं आणि मला म्हणाले, “तुझं मन बेळगावला आहे, म्हणून इथे पाच जणांचा जीव धोक्यात आहे.”

संध्याकाळी त्यांनी रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली. आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल 1948, नौशेरा ते राजौरी रस्ता, सगळीकडे सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडं. मांडीला जखम झालेली असताना राणे रणगाड्याच्या खाली सरपटत पुढे गेले आणि दोन दोऱ्या ओढून चालकाला खुणा देत राहिले. मागची फौज त्यांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने पुढे सरकली. त्यांना परमवीरचक्र मिळालं. ‘मातीकाम’ हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडात कधी आला नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. मैदानाच्या कडेला एक जुना लाकडी खांब पडलाय. नव्या पोरांना सहा-सहाच्या गटाने तो उचलून फेरी मारायला लावतो. कोण शेजाऱ्याच्या पावलाकडे बघतो, कोण पुढे ओढतो, कोण मोजत चालतो, हे दोन फेऱ्यांत दिसतं. मग एका कागदावर तीन ओळी लिहून घेतो : मला कुठलं काम करताना वेळ कळत नाही. त्यात रेजिमेंटचं नाव लिहायचं नाही आणि चुलत्याचंही नाही. अर्धी पोरं तासभर कागदाकडे बघत बसतात. बसू द्यावं. व्हिडिओ बघण्यात दोन वर्षं गेली, तर कागदासाठी एक तास जायला हरकत नाही.

पसंती म्हणजे हक्क, असं धरून चालणं

पसंती विचारली की सांगावी, मोकळेपणाने सांगावी. पण ती विनंती असते. जागा किती आहेत, तुझी मेरिट कुठे लागली, मापं कशात बसतात, यावर नेमणूक होते. अग्निपथच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय की अग्निवीराला कुठल्याही रेजिमेंटमध्ये किंवा युनिटमध्ये नेमता येतं आणि पुढे बदलताही येतं. ही अट वाचून सही केलेला पोरगा नंतर मला फोन करून म्हणतो, “काका, माझ्यावर अन्याय झाला.” वाचलं होतंस का, असं विचारलं की गप्प.

एका पोराचं सांगतो, नाव घेत नाही. आजोबा मराठ्यात, वडील मराठ्यात. घरात भिंतीवर दोघांचे फोटो आणि मधे एक मोकळा खिळा, याच्यासाठी ठेवलेला. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळायचा, म्हणजे धावण्याचे साठच्या साठ गुण. परीक्षाही चांगली गेली. नेमणूक आली तोफखान्यात, नाशिक रोडला. त्याने वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, “तोफखाना? बरं,” आणि फोन ठेवला. त्या एका ‘बरं’ने पोरगा खचला.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी मला फोन आला. आवाज बसलेला. “काका, मला सोडून यायचंय. पुढच्या वर्षी परत मराठ्यासाठी देतो.” मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, अग्निवीराला मुदतीआधी स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तरच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चार वर्षांनी कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के, आणि ते ठरणार या चार वर्षांतल्या कामगिरीवर. तू रुसलेले आठवडे तुझ्याच खात्यातून वजा होणार. मराठा गेलं म्हणून रडत बसलास तर तोफखानाही जाईल.

मग मी त्याच्या वडिलांकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण त्यांना स्वतःचं दुःख आवरलं नव्हतं. त्यांना म्हटलं, खिळा तुम्ही ठोकलाय, फोटो कुठल्या टोपीतला लावायचा ते सरकार ठरवेल. ते बराच वेळ बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी पोराला फोन करून तोफेबद्दल विचारलं. नळीचा व्यास किती, गोळा किती जड, तू कितव्या नंबरवर. पोरगा अर्धा तास बोलत होता.

भरतीच्या आधी मी आता प्रत्येक पोराला एकच प्रश्न तीनदा विचारतो : “नाही मिळालं तर?” तिसऱ्यांदाही उत्तर अडखळलं, तर त्याच्या घरी जाऊन आई-वडिलांसमोर परत विचारतो.

‘बेळगाव करून देतो’ म्हणणारा माणूस

या माणसाबद्दल लिहिताना माझा हात आजही कापतो. एका घराने म्हैस आणि कानातलं विकून दोन लाख रुपये एका एजंटला दिले. भरतीचे नाही, रेजिमेंटचे! पोरगा स्वतःच्या पायांवर पळून, स्वतःच्या डोक्याने परीक्षा देऊन पास झाला. एजंट पेढे घेऊन दारात हजर, “बघा, केलं ना काम.” नंतर नेमणूक आली जबलपूरला, सिग्नल्समध्ये. एजंटचा फोन बंद.

यांचा धंदा कसा चालतो ते नीट समजून घ्या. दहा पोरांकडून पैसे घ्यायचे. दोघं-तिघं आपापल्या कष्टाने लागतातच, त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे. उरलेल्यांतला जो फार आरडाओरडा करेल त्याचे परत करायचे. यात एजंटने काहीही केलेलं नसतं. तुझा घाम तो तुलाच विकतो. भरतीच्या जाहिरातीत दरवेळी दलालांपासून सावध राहा असं छापलेलं असतं, आणि पैसे देणारा सापडला तर त्याचीही उमेदवारी जाते. घाई झालेली पोरं आणि घाबरलेले बाप नसते, तर हा धंदा एका हंगामात बसला असता. कोणी असा माणूस सांगितला तर मला फोन करू नका. सरळ पोलीस ठाण्यात जा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रेजिमेंटवर वाद आणि प्रवर्ग डोळे मिटून भरणं. खरी निवड तुमच्या हातात असते ती इथे : जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क, ट्रेड्समन. बारावी विज्ञानाला भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजी असताना, एकूण 50 टक्के आणि प्रत्येक विषयात 40 असताना, मित्राने जीडी भरला म्हणून जीडी भरणारी पोरं मी पाहिलीत. 2025 पासून दोन प्रवर्गांत अर्ज करता येतो, तरी एकच भरतात. अर्ज भरताना मार्कशीट समोर ठेवा, मित्र नको.

वडील किंवा भाऊ फौजेत असून रिलेशन सर्टिफिकेट, म्हणजे नात्याचा दाखला, शेवटच्या आठवड्यात मागणं. ते त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसमधून येतं, आणि नावातल्या एका अक्षराच्या फरकाने परत जातं. सेंटरवर होणाऱ्या युनिट हेडक्वार्टर कोट्याच्या भरतीत वडिलांच्याच रेजिमेंटमध्ये जायची खरी संधी असते. ‘मराठाच पाहिजे’ म्हणणाऱ्या फौजींच्या पोरांनी ओरडण्याआधी हा कागद काढावा.

घराजवळची रेजिमेंट शोधणं. नाशिक रोड, खडकी, अहिल्यानगर, कामठी ही प्रशिक्षणाची केंद्रं आहेत. युनिट सियाचीनलाही असेल आणि राजस्थानातही.

‘महार रेजिमेंट म्हणजे फक्त एका समाजाची.’ चूक. 1941 मध्ये बेळगावला उभी राहिलेली ही रेजिमेंट आज सगळ्या समाजांची आहे, तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. गार्ड्स ही पायदळाची रेजिमेंट तर 1949 ला उभी राहिली तीच सगळ्या जातीधर्मांची म्हणून. जातीवरून पलटण मोजणाऱ्या पोराला मी मैदानाच्या दोन फेऱ्या जादा देतो.

पॅराचं स्वप्न बघून पुलअप्स सहा. पॅराला स्वतःहून पुढे व्हावं लागतं आणि प्रोबेशन पार करावं लागतं. आधी दहा काढ, मग बोलू.

उंची घरच्या भिंतीवर मोजणं. काही रेजिमेंट्सना जीडीच्या साध्या मापापेक्षा जास्त उंची लागते. सकाळी, अनवाणी, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या.

हातावर रेजिमेंटचं चिन्ह गोंदवणं. भरती व्हायच्या आधी! टॅटूचे नियम कडक आहेत, मेडिकलला तिथेच थांबवतात. मागच्या वर्षी एकाने खांद्यावर गोंदवून घेतलं आणि मला कौतुकाने दाखवायला आला. त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण शब्द सुचला नाही.

आणि आई-वडिलांची चूक. नेमणूक कुठलीही येवो, कसम परेडला, म्हणजे पोरगा शपथ घेतो त्या परेडला, जा. त्या नाशिक रोडच्या पोराच्या परेडला त्याचे वडील गेले होते, डोक्यावर मराठ्याची जुनी हिरवी टोपी. पोरगा चालत आला आणि त्याने आधी टोपीला सॅल्यूट केला. वडिलांनी ती काढून हातात घेतली आणि मग त्याला सॅल्यूट केला. मोकळ्या खिळ्यावर आता तोफखान्याच्या टोपीतला फोटो आहे.