‘जायचो’चं काय करायचं? : कादंबरीवरून पहिला सिनेमा करताना

मी निवडलेली कादंबरी २४८ पानांची होती. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होते आणि वाचताना मला सगळं ‘दिसलं’ होतं. कादंबरीवरून सिनेमा करायला निघालेला प्रत्येक जण असंच सांगतो. पटकथेला बसले तेव्हा लक्षात आलं की दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कुणीतरी मोठा झालेला माणूस कानाशी बसून त्याच्या चौदाव्या वर्षाची गोष्ट सांगत होता आणि मी त्या आवाजाच्या प्रेमात पडले होते.

पहिलाच सिनेमा, हातात तुटपुंजे पैसे आणि जिवापाड आवडलेली एक कादंबरी, एवढ्या सामग्रीवर जे उभे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रम थोडा विस्कळीत आहे, कारण कामही तसंच झालं.

आधी कागद

लेखकांना भेटले. त्यांनी मनापासून ‘कर’ म्हटलं. मी घरी येऊन लिहायला घेतलं. आठ महिन्यांनी करार करायची वेळ आली तेव्हा कळलं की काही वर्षांपूर्वी त्यांनी एका निर्मात्याला हक्क देऊन ठेवले होते. तो सिनेमा कधी झालाच नाही, लेखक स्वतः ते विसरूनही गेले होते, पण त्या कराराची मुदत संपायला अजून पाच महिने बाकी होते. दोष कुणाचाच नव्हता. तरी ते पाच महिने मी रोज कॅलेंडरकडे बघत काढले.

म्हणून पटकथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी ऑप्शनचा करार करा. ऑप्शन म्हणजे हक्क विकत घेणं नव्हे. ठरलेल्या मुदतीत लेखक ते हक्क दुसऱ्या कुणाला देणार नाही आणि त्या मुदतीत ठरलेल्या किमतीला ते घ्यायची मुभा तुम्हाला राहील, एवढंच. मुदत बहुधा बारा ते अठरा महिन्यांची असते आणि पहिल्या सिनेमाला ती हमखास कमी पडते. त्यामुळे मुदतवाढीची अट आणि तिची रक्कम आधीच लिहून घ्या. पुढे पूर्ण हक्क घेताना ऑप्शनचे पैसे त्यातून वजा होणार की नाही, हेही कागदावर येऊ द्या. चित्रपटाचे हक्क लेखकाकडे आहेत की प्रकाशकाकडे, हे त्या दोघांच्या मूळ करारातच कळतं. तोंडी उत्तरावर जाऊ नका. लेखक हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, फक्त तुमच्याशी छान बोलणाऱ्याची नव्हे. अनुवाद वाचून कथेच्या प्रेमात पडला असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

‘जुनं पुस्तक आहे, आता मुक्त झालं असेल’ या भरवशावर राहू नका. कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवलेली किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची आहे. भारतात ती ६० आहे, युरोपीय संघात ७०. एका देशात मुक्त झालेलं पुस्तक दुसरीकडे बांधलेलं असू शकतं आणि तुमच्या सिनेमाला तर चार देशांतल्या महोत्सवांना जायचं असतं.

करारात एक वाक्य भांडून घ्या : पात्रं, प्रसंग, क्रम आणि शेवट बदलायचा अधिकार. लेखकाचा सल्ला घ्यायला मी बांधील होते, त्यांची मंजुरी घ्यायला नव्हते. त्या दोन शब्दांतल्या फरकाने आमचं नातं टिकलं, असं मला आजही वाटतं.

रीतिभूतकाळ

आता ज्याने माझं वर्ष खाल्लं ते.

वयात येण्याच्या कादंबऱ्या बऱ्याचशा रीतिभूतकाळात चालतात. शाळेत शिकलेलं व्याकरण आठवा : जात असे, बसत असू, म्हणायची. ‘आम्ही रोज शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीवर जायचो. तिथे तो सिगरेट ओढायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसायचो.’ ही दोन वाक्यं वाचताना तुमच्या डोळ्यांपुढून अख्खा उन्हाळा जातो. आता हे शूट करा. कॅमेऱ्याला ‘जायचो’ कळत नाही. त्याला फक्त ‘जाताहेत’ कळतं, तेही एकाच दिवशी, एकाच उजेडात, एकाच शर्टात.

मी कादंबरीची झेरॉक्स काढून तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. एकदाच घडलेल्या गोष्टी लाल. वारंवार घडणाऱ्या निळ्या. निवेदकाला मोठेपणी उमगलेल्या हिरव्या. चार दिवसांनी पानं जमिनीवर पसरली तर लाल रंग कसाबसा पाचव्या हिश्शाएवढा. ज्या कादंबरीत ‘इतकं काही घडतं’ असं मी निर्मात्याला सांगितलं होतं तिच्यात घडत फारच थोडं होतं. जे होतं ते सवयींचं आणि नंतरच्या शहाणपणाचं. हा उद्योग तुम्हीही करा, तोही निर्मात्याला भेटण्याआधी.

निळ्या रंगाचं काय करायचं याचे मला तीन मार्ग सापडले. ‘जायचो’मधला एकच दिवस निवडायचा, पण तो असा की ज्या दिवशी सवय मोडते. टाकीवर रोज चौघं असतात, आज तिघंच आहेत. प्रेक्षकाला आधीचे दिवस न दाखवताही ते होते हे कळतं. दुसरा मार्ग, तीच चौकट तीनदा वापरायची आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. हा स्वस्तही पडतो, कारण तिन्ही वेळचं शूटिंग एका दिवसात कपडे बदलून होतं. उजेडाची तेवढी काळजी घ्या. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, आणि तो पटकथेत लिहिताच येत नाही : सवय नटाच्या अंगात टाकायची. टाकीच्या शिडीची चौथी पायरी सैल होती. तालमीत आम्ही मुलांना ती शिडी इतक्या वेळा चढायला लावली की शेवटी मुलं न बघता ती पायरी गाळून चढायला लागली. सिनेमात त्या पायरीवर कुणी एक शब्द बोलत नाही. पण एक नवा मुलगा येतो, तिच्यावर पाय ठेवतो आणि बाकीचे हसतात. कादंबरीतलं दीड पान तिथे संपलं.

हिरव्या रंगाचं दुखणं मोठं. ‘तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ही आमची शेवटची भेट’ असलं वाक्य वाचकाला गलबलून टाकतं. पडद्यावर ते व्हॉइसओव्हर, म्हणजे चित्रावर पडद्याबाहेरून बोलणारा आवाज, होऊन येतं आणि समोरच्या मुलाच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून टाकतं. माझ्या पहिल्या मसुद्यात व्हॉइसओव्हरचे एकतीस तुकडे होते. व्हॉइसओव्हर वाईटच असतो असं मी म्हणत नाही. चित्रात नसलेलं, किंवा चित्राच्या उलट काहीतरी तो सांगत असेल तर ठेवा. माझे एकतीसही तुकडे चित्रात दिसणारंच पुन्हा सांगत होते.

इथे एक उदाहरण द्यायलाच हवं. ‘पथेर पांचाली’ या १९२९ च्या बंगाली कादंबरीत दुर्गा ही मुलगी आगगाडी कधीच बघत नाही. आजारपणात ती भावाला म्हणते, बरी झाले की मला एकदा गाडी दाखवशील ना? हे दुःख वाक्यातलं आहे, न घडलेल्या गोष्टीचं. सत्यजित राय यांनी १९५५ च्या सिनेमात भावंडांना पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून धावत नेऊन गाडी दाखवली. न घडलेल्याचं दुःख सोडलं आणि घडलेल्याचा आनंद घेतला, कारण या दोहोंतली फक्त दुसरी गोष्ट कॅमेरा धरू शकतो. त्याच सिनेमात म्हातारी इंदिर ठाकरूण कादंबरीतल्यापेक्षा बराच काळ जगते. ‘मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहा’ असं कुणी बजावलं की मला या दोघी आठवतात.

माणसं कमी करा

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कादंबरीत पाच मित्र होते, मी तीन ठेवले आणि उरलेल्या दोघांची वाक्यं त्यांच्यात वाटली. प्रत्येक मुलामागे एक पालक, एक शाळा, परीक्षांचं एक वेळापत्रक आणि एक सर्दी येते. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, हा अंदाज मुलांच्या प्रसंगांना लागू पडत नाही. ती बोलतात भराभर, पण बोलायच्या आधी बराच वेळ काहीच करत नाहीत. तो वेळ मौल्यवान असतो, कापू नका.

गाण्याचंही इथेच उरकते. कादंबरीकार नायकाच्या रेडिओवर कुठलंही गाणं फुकटात लावू शकतो. तुम्ही तेच गाणं वाजवलंत तर दोन परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक त्या ध्वनिमुद्रणाची, आणि त्या बहुधा वेगवेगळ्या हातांत असतात. नटाने नुसतं गुणगुणलं तरी रचनेची परवानगी लागतेच. मी अख्खा उत्कर्षबिंदू एका जुन्या गाण्यावर बांधला होता. कंपनीचा आकडा ऐकून आमचा रेडिओ त्या प्रसंगात स्टेशन पकडेनासा झाला. तो खरखरत राहतो, आणि मुलगा काटा फिरवत राहतो.

मुलं मोठी होतात

हे मला कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं.

बाराव्या ते पंधराव्या वर्षांतला नट घेताना तुम्ही एक माणूस निवडत नसता, त्याच्या आयुष्यातले काही महिने निवडत असता. ऑडिशन आणि शूटिंग यांत जितकं अंतर, तितका तो परका. आम्ही ऑडिशन घेतली, पैसे अडकले, सात महिने गेले. मुलगा दोन इंच वाढला होता. ते चाललं. पहिलं शेड्यूल, म्हणजे शूटिंगच्या सलग दिवसांचा पहिला टप्पा, नीट पार पडलं. पुन्हा पैसे अडकले. चार महिन्यांनी दुसऱ्या शेड्यूलला तो सेटवर आला, मला हाक मारली आणि मी वळून पाहिलं की हाक कुणी मारली. आवाज फुटला होता. पहिल्या शेड्यूलमधला त्याचा आवाज बारीक, जवळजवळ मुलीसारखा, आणि आम्ही लोकेशनप्रमाणे शूट केल्यामुळे एकाच प्रसंगाचा आतला भाग आधीच्या आवाजात आणि बाहेरचा भाग नव्या आवाजात येणार होता.

सगळ्यांनी डबिंग सुचवलं. करून पाहिलं. दुसरा मुलगा आणला, ओठ जुळले, श्वास जुळेना. शेवटी सहाय्यक दिग्दर्शकाने वन-लाइनर, म्हणजे एकेका ओळीत मांडलेली सगळ्या प्रसंगांची यादी, भिंतीवर लावला आणि आम्ही दोघांनी रात्रभर बसून उरलेले प्रसंग दोन ढिगांत वाटले : यात तो बोलायलाच हवा, यात न बोलता भागेल. दुसरा ढीग इतका मोठा निघाला की मला माझ्या संवादांची लाज वाटली.

यातून तुमच्यासाठी निघतं ते असं. मुलाचे प्रसंग शक्यतो एकाच सलग शेड्यूलमध्ये ठेवा, बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालेल. अननुभवी मुलं असतील तर गोष्टीच्या क्रमाने शूट करायला भांडा. महाग पडतं, पण त्यांना काल काय झालं ते आठवतं आणि त्यावर आजचं काम उभं राहतं. कास्टिंगच्या वेळी मोठ्या भावांचे फोटो मागा, मुलगा कुठल्या दिशेने वाढणार याचा थोडा सुगावा लागतो. कामाचे तास कायद्याने ठरलेले असतात आणि देशोदेशी वेगळे असतात. भारतात २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपुढे नाही. शेड्यूल लिहिताना पाच धरू नका, चार धरा. पाचव्या तासाला कॅमेऱ्यासमोर कंटाळलेलं मूल असतं, पात्र नसतं.

आणि कादंबरी त्यांना वाचायला देऊ नका. मी दिली. एका मुलीने ती पाठ केली आणि पुस्तकातल्या निवेदकासारखं उदास बघायला लागली. आपल्यावर चौदाव्या वर्षी काय गुदरतंय हे चौदाव्या वर्षी कळत नसतं. ते तिच्या डोळ्यांतून काढून टाकायला आठवडा गेला.

संकलन

रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, दोन तास वीस मिनिटांचा झाला. सुरुवातीला आणि शेवटी मोठा झालेला नायक गावी परततो, अशी चौकट मी ठेवली होती. तिच्यासाठी एक चांगला नट आणि शूटिंगचे दोन दिवस खर्ची पडले होते. संकलकाने ती चौकट न विचारता काढून मला सिनेमा दाखवला. मी चिडले. मग पुन्हा एकदा पाहिला आणि गप्प बसले. हिरव्या रंगाचं जे काही मी पटकथेतून हाकललं होतं ते त्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्याने मागच्या दाराने परत आणलं होतं. हे कागदावर कळलं असतं तर दोन दिवस वाचले असते. म्हणून पटकथा पक्की करताना अशी चौकट एकदा काढून वाचा, आणि जवळच्या मित्राला न सांगता वाचायला द्या. त्याला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, तर ती गेली.

चौकट गेल्यावर सिनेमाला शेवटच राहिला नाही. कादंबरी जिथे संपते तिथे निवेदक त्या वर्षाने आपल्याला काय दिलं ते सांगतो. फार सुंदर लिहिलंय, आणि सगळं हिरवं. आमच्याकडे सुरुवातीला वर्गातली हजेरी होती. बाई नाव पुकारतात, मुलगा बारीक आवाजात ‘हजर’ म्हणतो. दुसऱ्या शेड्यूलच्या शेवटच्या दिवशी तो वर्ग अजून आमच्या ताब्यात होता, उजेड अर्ध्या तासाचा उरला होता, तेव्हा कॅमेरा पुन्हा तसाच लावून हजेरी परत घेऊन ठेवली होती. तीच आता शेवट झाली. तिच्यात एक बाक रिकामा आहे. बाई नाव पुकारतात. तो नव्या आवाजात ‘हजर’ म्हणतो, दोन मुलं वळून बघतात, बाई पुढचं नाव घेतात.

सगळं मिळून अकरा सेकंद. कादंबरीत त्या जागी साडेचार पानं आहेत.