अमेरिकेतील विमा कंपनीने उपचाराचा खर्च नाकारला, तर अपील कसे करावे

पुण्यात बसून अमेरिकेतील रुग्णालयांची थकलेली बिले सोडवण्याचे काम मी काही वर्षे केले. संध्याकाळी शिफ्ट सुरू होई आणि पहाटेपर्यंत आम्ही तिकडच्या विमा कंपन्यांना फोन लावून एकच गोष्ट विचारत असू : हा क्लेम का नाकारला? पुण्यात, नवी मुंबईत, हैदराबादेत, चेन्नईत आजही असंख्य तरुण रात्रपाळीत हेच काम करतात आणि त्याला डिनायल मॅनेजमेंट म्हणतात. रुग्णालयांकडे पाठपुरावा करायला अशी माणसे असतात, पण रुग्णाकडे कोणीच नसते. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तेथे मुलांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही माहिती सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की नकारपत्रावर 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' असे लिहिलेले असले, तरी तुमचे रिपोर्ट एखाद्या डॉक्टरने शांतपणे वाचून ते ठरवले असेलच, असे धरून चालू नये. क्लेम म्हणजे मुख्यतः कोडची रांग असते. आजाराचा कोड, केलेल्या तपासणीचा किंवा शस्त्रक्रियेचा कोड, तारीख आणि डॉक्टरचा क्रमांक सॉफ्टवेअर एकमेकांशी ताडून पाहते, आणि जोडी जुळली नाही की क्लेम बाजूला पडतो. सिग्ना या विमा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने मार्च 2023 मध्ये दाखवून दिले की 2022 मधील दोन महिन्यांत कंपनीच्या डॉक्टरांनी अशा पद्धतीने 3 लाखांहून अधिक क्लेम नाकारले आणि प्रत्येक क्लेमला सरासरी 1.2 सेकंद दिले. कंपनीने हे चित्र मान्य केलेले नाही. वृद्ध रुग्णाला पुनर्वसन केंद्रात किती दिवस लागतील याचा अंदाज बांधणाऱ्या एनएच प्रेडिक्ट या सॉफ्टवेअरच्या आधारे उपचार मध्येच बंद केले जातात, असा आरोप करणारा खटला नोव्हेंबर 2023 मध्ये युनायटेडहेल्थ या विमा कंपनीविरुद्ध मिनेसोटाच्या फेडरल न्यायालयात दाखल झाला. अंतिम निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही, असे त्या कंपनीचे म्हणणे आहे.

यामागचा पैशाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. 2010 च्या अफोर्डेबल केअर ॲक्टनुसार विमा कंपनीने हप्त्यांच्या रकमेतील किमान 80 टक्के, आणि मोठ्या गटविम्यात 85 टक्के, रक्कम उपचारांवर व त्यांच्या गुणवत्तेवर खर्च केली पाहिजे. उरलेल्या भागात प्रशासन आणि नफा दोन्ही बसवायचे असतात. त्यामुळे क्लेम तपासायला माणूस बसवणे महाग पडते आणि सॉफ्टवेअर स्वस्त पडते. शिवाय नाकारलेल्या क्लेमबद्दल बहुतेक जण पुन्हा विचारतच नाहीत. केएफएफ या आरोग्यविषयक संशोधन संस्थेने केलेल्या विश्लेषणानुसार हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरील विमा योजनांनी 2023 मध्ये नेटवर्कमधील, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या रुग्णालये व डॉक्टरांकडील, 19 टक्के क्लेम नाकारले, पण नाकारलेल्यांपैकी 1 टक्क्याहूनही कमी क्लेमवर अपील झाले. जेथे अपील झाले, तेथे कंपन्यांनी 56 टक्के नकार कायम ठेवले, म्हणजे जवळजवळ निम्म्या प्रकरणांत निर्णय फिरला. हा आकडा मी ओळखीच्या प्रत्येकाला आवर्जून सांगते, कारण नकारपत्र हातात पडले की माणसे घाबरून पहिल्याच दिवशी क्रेडिट कार्ड काढतात.

कंपनीने किती रक्कम दिली आणि किती नाकारली हे सांगणारा एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स हा कागद विमा कंपनीकडून येतो, आणि त्यावर 'हे बिल नाही' असे स्पष्ट छापलेले असते. तो कागद आणि रुग्णालयाचे बिल शेजारी ठेवून तारीख, डॉक्टर आणि रक्कम ओळीने जुळवावी. त्यानंतर रुग्णालयाच्या बिलिंग विभागाला फोन करून दोन गोष्टी मागाव्यात : कोडसहित तपशीलवार बिल, आणि विमा कंपनीने त्यांना कळवलेला नकाराचा कोड. हा कोड फार उपयोगी असतो. 50 म्हणजे उपचार आवश्यक वाटला नाही, 197 म्हणजे उपचाराआधी कंपनीची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती, 29 म्हणजे क्लेम मुदतीनंतर पोहोचला, 16 म्हणजे माहिती अपुरी, आणि 11 म्हणजे आजार व तपासणी यांचे कोड जुळत नाहीत. कोडच्या आधी सीओ अशी अक्षरे असतील, तर ती रक्कम सहसा रुग्णालय आणि कंपनी यांच्यातील करारात सोडून द्यायची असते आणि रुग्णाकडे मागता येत नाही. पीआर असेल, तर ती रुग्णाच्या वाट्याची धरलेली असते.

एक उदाहरण पाहू. एका रुग्णाच्या डाव्या गुडघ्याचा एमआरआय झाला होता. तपासणीचा कोड 73721 बरोबर होता आणि त्यापुढे डावी बाजू दाखवणारी एलटी ही अक्षरेही होती. मात्र दुखण्याचा कोड एम25.562 असा हवा होता, तेथे एम25.561 पडला होता, म्हणजे उजवा गुडघा. शेवटच्या एका अंकाने संपूर्ण एमआरआयचे बिल रुग्णाच्या घरी गेले. अशा प्रकरणात अपील करण्यात वेळ घालवू नये. रुग्णालयाला करेक्टेड क्लेम, म्हणजे कोड दुरुस्त केलेला क्लेम, पाठवायला सांगावे आणि तो पाठवल्याची तारीख लिहून घ्यावी. कोड 16 किंवा 11 असेल, तर बहुधा हाच मार्ग योग्य ठरतो. तोवर बिल वसुली एजन्सीकडे देऊ नये, अशी विनंतीही त्याच फोनवर करावी.

कोड 50 असेल, तर मात्र खरे अपील करावे लागते. अपीलाआधी कंपनीकडे लेखी मागणी करून आपल्या क्लेमची संपूर्ण फाइल मागवावी, आणि निर्णयासाठी वापरलेला वैद्यकीय निकष, तसेच तपासणाऱ्या डॉक्टरचे नाव व विशेषज्ञता विचारावी. नोकरीतून मिळणाऱ्या विम्याला 1974 चा एरिसा कायदा लागू असतो, आणि त्यानुसार ही कागदपत्रे विनाशुल्क द्यावी लागतात. निकष हाती आला की आपल्या डॉक्टरांकडून पत्र घ्यावे. हे पत्र कसे असावे यावर बरेच अवलंबून असते. 'रुग्णाला या उपचाराची नितांत गरज आहे' एवढ्या वाक्याचा उपयोग होत नाही. निकषात सहा आठवडे फिजिओथेरपी करून पाहिलेली असावी असे म्हटले असेल, तर ती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत केली, दुखणे का कमी झाले नाही, आणि त्याची नोंद कोणत्या कागदावर आहे, हे निकषाच्या प्रत्येक अटीसमोर मांडलेले असावे. पत्राच्या शेवटी, हे अपील त्याच शाखेच्या तज्ज्ञ डॉक्टरने तपासावे अशी स्पष्ट मागणी करावी. पूर्वपरवानगी नाकारली असेल, तर आपल्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोलण्याची, म्हणजे पीअर टू पीअरची, वेळ मागायला सांगावे. कागदावर आठवडे अडकलेली परवानगी अशा पंधरा मिनिटांच्या बोलण्यात मिळालेली मी पाहिली आहे.

मुदती काटेकोर पाळाव्यात. नकार कळल्यापासून 180 दिवसांत कंपनीकडे अंतर्गत अपील करावे लागते. उपचार व्हायचा असेल तर 30 दिवसांत, झालेला असेल तर 60 दिवसांत आणि प्रकरण तातडीचे असेल तर 72 तासांत कंपनीने उत्तर द्यायचे असते. तेथेही नकार आला आणि वाद वैद्यकीय निर्णयाचा असेल, तर 4 महिन्यांच्या आत बाह्य पुनरावलोकन मागता येते. त्यात कंपनीबाहेरचे स्वतंत्र तज्ज्ञ निर्णय देतात, आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. बहुतेक लोक या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

विमा मोठ्या मालकाकडून असेल, तर तो सेल्फ-फंडेड आहे का, हे एचआरला विचारावे. अमेरिकेत नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक कर्मचारी अशा योजनांत आहेत. तेथे पैसे मालकाचे असतात आणि विमा कंपनी फक्त कारभार पाहते, त्यामुळे एचआरने घातलेला शब्द उपयोगी पडू शकतो. अशा योजनेची तक्रार राज्याच्या विमा विभागाकडे न नेता फेडरल कामगार खात्याकडे न्यावी लागते. कॅलिफोर्नियात राज्याच्या अखत्यारीतील योजना असेल, तर 1 जानेवारी 2025 पासून लागू असलेल्या एसबी 1120 या कायद्याचा उल्लेख पत्रात जरूर करावा, कारण उपचार आवश्यक नाही हा निर्णय केवळ अल्गोरिदमवर न सोडता परवानाधारक डॉक्टरने किंवा पात्र वैद्यकीय व्यावसायिकाने घ्यावा, असे तो कायदा सांगतो.

भारतातून जाणाऱ्या आई-वडिलांसाठी घेतलेल्या प्रवास विम्याला वरील अपीलाचे संरक्षण सहसा नसते. तेथे पॉलिसीतील जुन्या आजारांविषयीचे कलम निघण्यापूर्वीच वाचावे. स्वतः पैसे भरून ठरवून उपचार घ्यायचे असतील, तर आधी लेखी अंदाजपत्रक मागावे. नो सर्प्रायझेस कायद्यानुसार बिल त्यापेक्षा 400 डॉलर किंवा अधिकने वाढले, तर बिल मिळाल्यापासून 120 दिवसांत त्याला आव्हान देता येते. रुग्णालय ना-नफा असेल, तर पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत आर्थिक साहाय्याचा अर्ज त्याला स्वीकारावा लागतो. तो फॉर्म बिलिंग खिडकीवर मागता येतो.

प्रत्येक फोननंतर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव आणि कॉलचा संदर्भ क्रमांक एकाच वहीत लिहावा. अपील पोचपावतीच्या टपालाने किंवा फॅक्सने पाठवावे, आणि फॅक्स यशस्वी झाल्याचा छापील कागद त्याच वहीत जपून ठेवावा, कारण अपील मिळालेच नाही असे उत्तर आले, तर ते मुदतीत पाठवल्याचा पुरावा तोच असतो.