ऐतिहासिक व्यक्तीवर चरित्रलेख कसा लिहावा

ऐतिहासिक व्यक्तीवर लिहायला बसले की जन्म, बालपण, शिक्षण, कार्य, मृत्यू आणि शेवटी थोरवी अशी मळलेली वाट समोर तयारच असते. त्या वाटेने लिहिलेल्या लेखात चूक सहसा होत नाही. पण तो वाचून संपल्यावर ती व्यक्ती डोळ्यांसमोर उभी राहतेच असे नाही. माझ्या मते याचे मुख्य कारण हे, की तिने प्रत्यक्ष काय केले आणि लोकांनी तिच्याविषयी काय जपले, या दोन निरनिराळ्या गोष्टी आपण एका दमात सांगून टाकतो. म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी वहीचे दोन भाग करावेत. एका भागात तिच्या कृतींच्या नोंदी असाव्यात. दुसऱ्या भागात तिच्याविषयी इतरांनी काय लिहिले, काय चितारले, काय उभारले आणि केव्हा, याच्या नोंदी असाव्यात.

पहिल्या भागाची सुरुवात सनावळीने करावी. प्रत्येक नोंदीपुढे वर्ष, स्थळ, त्या वेळचे वय आणि ती माहिती कोठून मिळाली हे लिहावे. वयाचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण सर्वांत जास्त तोच शिकवतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० चा आणि मृत्यू १९१० चा. क्रिमियन युद्धाच्या काळात त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा ३४ वर्षांच्या होत्या, आणि १८५६ च्या उन्हाळ्यात परतल्या. म्हणजे ९० वर्षांच्या आयुष्यातली जेमतेम पावणेदोन वर्षे. त्यांच्यावरील बहुतेक छोट्या लेखांची निम्म्याहून अधिक जागा मात्र याच पावणेदोन वर्षांनी व्यापलेली असते. परतल्यानंतरच्या ५४ वर्षांत त्यांनी काय केले, हा प्रश्न सनावळी मांडल्याशिवाय मनात उभाच राहत नाही.

तारखा घेताना कालगणना कोणती, हे पाहणे आवश्यक आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख त्या वेळच्या ज्यूलियन पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१ होती, आणि आज ती २२ फेब्रुवारी १७३२ अशी दिली जाते. ११ दिवसांचा फरक ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये ग्रेगोरियन पद्धत स्वीकारल्यामुळे पडला. पूर्ण वर्षाचा फरक पडला तो पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे म्हणून. आपल्याकडे शकावरून इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवले जातात, तेथेही अशीच चूक होते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ बरोबर आहेत. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही जन्मतिथी इसवी सन १६३० मध्ये येते, १६२९ मध्ये नव्हे, ती यामुळेच.

साधनांकडे वळताना प्रत्येक कथेला दोन प्रश्न विचारावेत: हे कोणी सांगितले, आणि घटनेनंतर किती वर्षांनी? न्यूटन यांच्या सफरचंदाची गोष्ट अनेक जण एकतर जशीच्या तशी खरी मानतात, किंवा दंतकथा म्हणून सोडून देतात. दोन्ही घाईचे आहे. त्यांचे स्नेही विल्यम स्टुकली यांनी न्यूटन यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. १७२६ च्या एप्रिलमध्ये जेवणानंतर दोघे बागेत सफरचंदाच्या झाडांच्या सावलीत चहा घेत असताना, पूर्वी फळ पडताना पाहून गुरुत्वाकर्षणाचा विचार सुचला होता, असे स्वतः न्यूटन यांनीच आपल्याला सांगितल्याचे ते नमूद करतात. म्हणजे गोष्टीचा उगम पक्का आहे. पण सांगणारे गृहस्थ तेव्हा ८३ वर्षांचे होते आणि ती आठवण सुमारे ६० वर्षांपूर्वीची होती. फळ डोक्यावर पडल्याचा उल्लेख त्या लेखनात नाही. ती भर नंतरची. लेखात हे सगळे तीन वाक्यांत सांगता येते, आणि वाचकाला गोष्टीबरोबर तिचे वजनही कळते.

पत्रव्यवहार हे सर्वांत जिवंत साधन आहे, परंतु पत्रे कोणाची टिकली हे नेहमी पाहावे. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली ६०० हून अधिक पत्रे उपलब्ध आहेत, कारण थिओने ती जपली. थिओची उत्तरे त्या मानाने फारच थोडी उरली आहेत. अशा वेळी एकाच बाजूचा आवाज ऐकून दुसऱ्याविषयी मत बनवण्याचा मोह आवरावा.

आता वहीचा दुसरा भाग, जो बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो. नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेतलेली स्त्री आठवते. ती प्रतिमा रूढ होण्यास सुरुवात झाली ती लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात फेब्रुवारी १८५५ मध्ये छापलेल्या चित्रापासून. पुढच्या अनेक चित्रांत आणि पुतळ्यांत त्यांच्या हाती चोच असलेला, पुराणकथेत शोभावा असा तेलाचा दिवा आहे. स्कुटारीत मात्र घडी घालता येणारा, आत मेणबत्ती लावायचा तुर्की कंदील वापरला जात असे. एवढ्या लहान तपशिलातून आयुष्य आणि स्मृती यांच्यातले अंतर जितके स्पष्ट दिसते, तितके ते मोठ्या विधानांतून दिसत नाही; असा एखादा तपशील हाती लागेपर्यंत शोध सोडू नये.

त्याच नाइटिंगेल यांनी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांच्या साह्याने सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडली. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकृतीत टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात आणि अन्य कारणांचे काळ्या रंगात दाखवले आहेत; निळा भाग इतका मोठा आहे, की सैनिकांना शत्रूपेक्षा घाणीने अधिक मारले हे पाहताक्षणी कळते. १८६० मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. हा वारसा दिव्याइतका चित्रमय नाही, पण माझ्या दृष्टीने लेखाचा गाभा येथे आहे.

वारसा आपोआप चालत येत नाही. तो कोणीतरी वाहून आणलेला असतो, आणि त्या माणसाचे नाव शोधणे हे चरित्रलेखकाचे काम आहे. व्हॅन गॉग जुलै १८९० मध्ये वारले, थिओ जानेवारी १८९१ मध्ये. थिओची पत्नी यो हिच्याजवळ लहान मूल होते आणि तेव्हा फारसे गिऱ्हाईक नसलेली शेकडो चित्रे होती. तिने प्रदर्शने भरवली, चित्रे विचारपूर्वक विकली आणि १९१४ मध्ये ती पत्रे प्रसिद्ध केली. तिच्यावर एक परिच्छेद नसेल, तर व्हॅन गॉग यांच्यावरचा लेख अपुरा समजावा. काही वेळा असा वाहक भेटायलाच उशीर होतो. ग्रेगोर मेंडेल यांचा आनुवंशिकतेविषयीचा, वाटाण्यावरील प्रयोगांचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, ते १८८४ मध्ये वारले, आणि त्या निबंधाचे महत्त्व १९०० मध्ये इतर संशोधकांच्या कामातून पुढे आले. अशा व्यक्तीबाबत मधल्या वर्षांची शांतताही तारखांसह लिहावी.

उणिवांचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक लेखकाला छळतो. त्या शेवटच्या परिच्छेदात कोंबू नयेत आणि विशेषणांनी झाकूही नयेत. ज्या वर्षी त्या घडल्या, त्याच वर्षात त्या सांगाव्यात. वॉशिंग्टन यांनी आयुष्यभर गुलाम बाळगले. १७९९ च्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे लिहिले, आणि मार्था वॉशिंग्टन यांनी हयातीतच, १ जानेवारी १८०१ रोजी, त्यांना मुक्त केले. माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या मळ्यावरील जे गुलाम मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतले होते, ते मात्र कायद्याने त्या पतीच्या वारसांकडे गेले. ही तीन वाक्ये निंदा करत नाहीत आणि सफाईही देत नाहीत, पण वाचकाला स्वतःचे मत बनवण्यापुरते सर्व काही देतात.

लिहिताना सनावळीतली प्रत्येक नोंद लेखात यावी असा आग्रह धरू नये. तीनचार प्रसंग निवडून ते जवळून दाखवावेत आणि मधली वर्षे एका वाक्यात ओलांडावीत. पहिला खर्डा झाला की त्यातील ‘महान’, ‘थोर’, ‘युगप्रवर्तक’ यांसारख्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकाच्या जागी त्या व्यक्तीने केलेली एखादी कृती तारखेसह लिहिता येते का, ते पाहावे. जेथे तशी कृती सापडत नाही, तेथे विशेषण खोडून पुन्हा वहीकडे वळावे.