पशुवैद्यक व्हायचंय? मग अकरावीतच गोठ्यात उतरा

पहिली तयारी कागदपत्रांची नाही, कारणाची. "मला प्राणी खूप आवडतात" हे लिहून झालं की पुढे काय लिहिणार, ते बघा. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे निघालेली कासवाची पिल्लं, विहिरीतून वर काढलेला बिबट्या, घरातलं आजारी कुत्रं, यांपैकी कशानेही ही ओढ लागू शकते आणि तिला कमी लेखायचं काही कारण नाही. पण कोकणातल्या पशुवैद्यकाचा बहुतेक दिवस गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी आणि कुत्रा यांच्यात जातो, आणि तेवढाच वेळ त्यांच्या मालकांशी बोलण्यात. चारा कधीपासून सोडला, शेण कसं पडतंय, काल काय खाल्लं, हे सगळं मालकाच्या तोंडून काढून घ्यावं लागतं. माणसांचा कंटाळा येतो म्हणून जनावरांकडे वळणाऱ्याला हा व्यवसाय फार जड जातो. तेव्हा आपलं कारण एका वहीत लिहून ठेवा. काही महिने गोठे बघून झाले की त्याच पानाखाली पुन्हा लिहा. दोन्हींत फरक पडला तर दुसरं खरं माना.

एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे येणारेही पुष्कळ असतात. त्यात कमीपणा नाही, मात्र प्रवेश घेतल्यावर वर्षभर एक डोळा तिकडेच ठेवू नका. त्यात तुमचं वर्षही जातं आणि एखाद्याची जागाही.

आता गोठा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांना सरळ विचारा, "सर, सुट्टीत तुमच्याबरोबर फिरू का?" रीतसर विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. मे महिना सगळ्यात चांगला, कारण पावसाआधी घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांच्या लसी टोचायला वाडीवाडीवर जायचं असतं. जाल तेव्हा सुईकडे नंतर बघा, आधी डॉक्टर जनावराजवळ कसे जातात ते बघा. मागून जात नाहीत, आवाज देत बाजूने जातात, खांद्यावर हात ठेवतात, आणि दावं कोणाच्या हातात आहे याची खात्री झाल्याशिवाय वाकत नाहीत. खोड्यात न घालता म्हैस कशी धरतात, वेसणीला किती ओढ द्यायची, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

एक गोष्ट घरच्या गाईवर आजपासून करता येते. तिच्या डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ हलकेच दाबून उभे राहा आणि घड्याळ बघा. निरोगी गाईचं मोठं पोट दोन मिनिटांत साधारण दोन-तीन वेळा लाटेसारखं वर येतं आणि मूठ मागे ढकलतं. मग श्वास मोजा, रवंथ बघा, जमलं तर गुदद्वारातलं तापमान घ्या. ते साधारण 101.5 अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. अशा नोंदी रोज ठेवल्या की एखाद्या दिवशी मूठ ढकललीच गेली नाही, भकाळी ढोलासारखी ताणलेली लागली, तर काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला लगेच कळेल. निरोगी जनावर नीट पाठ झालं की आजारी जनावर आपोआप वेगळं दिसतं. माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची सवय हीच, आणि तिला ना क्लास लागतो ना फी.

मरणही बघावं लागेल. शेळी पालकाच्या डोळ्यांदेखत जाते तेव्हा त्याच्या घरातली रोख रक्कम जात असते. 2022 साली गाईगुरांत लम्पी हा त्वचारोग पसरला तेव्हा कितीतरी घरांनी असंच नुकसान अनुभवलं. अशा वेळी डॉक्टर काय बोलतात, किती बोलतात, कधी गप्प बसतात, तेही शिकून घ्या. आणि कोकण कपिला गाय, कन्याळ शेळी ही आपली जनावरं जवळून बघा. कपिला दूध थोडं देते, पण आपल्या पावसात, डोंगरउतारावर, साध्या चाऱ्यावर टिकते. बाहेरची जास्त दुधाची गाय इथे आणली की तिचा ताप, गोचीड आणि खुराक हे सगळं मालकाच्या अंगावर येतं. पुढे लोक तुम्हाला सल्ला विचारणार आहेत, त्याची तयारी इथून होते.

जीव सांभाळून हे करायचं. गमबूट आणि हातमोजे लागतातच, कारण पावसाळ्यात चिखलातून अनवाणी फिरताना पायाला जखम असली तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. गाभडलेलं वासरू किंवा अडकलेली वार (झार) उघड्या हाताने कधीच धरू नका, त्यातून ब्रुसेलोसिस हा रोग माणसाला होऊ शकतो. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे असाल तर गोचिडींमुळे होणारा माकडताप ऐकून माहीत असेल. जंगलातून आल्यावर अंगावरच्या गोचिडी बघायच्या. कुत्र्या-मांजरांत वावरायचं असेल तर रेबीजच्या प्रतिबंधक लसीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.

अभ्यासाचं सांगायचं तर प्रवेश नीट (NEET) या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो: 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. जीवशास्त्र पक्कं करा, पण बहुतेकांचा घात भौतिकशास्त्रात होतो हेही ध्यानात ठेवा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत. मराठी माध्यमातून आला असाल तर आत्तापासून प्रत्येक रोगाची दोन्ही नावं लिहीत जा. वर्गात हेमोरेजिक सेप्टिसेमिया म्हणतील आणि गोठ्यात घटसर्प. दोन्हीकडे अडखळायला नको.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला आहे ते मत्स्य महाविद्यालय, तिथली पदवी वेगळी. तुम्हाला मुंबईतलं परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर अशा ठिकाणी कुठेतरी जावं लागेल. परळचं महाविद्यालय 1886 पासूनचं. सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. 15 टक्के जागा अखिल भारतीय प्रक्रियेतून भरतात, त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. राज्याचा केला म्हणून तो झाला असं समजू नका.

कागदांत अधिवास, नॉन-क्रिमिलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मागे अकरावीतच लागा. निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांच्या जागा हातातून गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

राहिले घरचे. मुलीला "हे बायकांचं काम नाही" म्हणणारे अजून भेटतील. आडवं आलेलं वासरू नुसत्या जोराने बाहेर येत नाही, दोरी, वंगण आणि योग्य कळ बघून ओढण्याने येतं, हे त्यांना दवाखान्यात नेऊन दाखवा. आईवडिलांना एक सकाळ तिथे बसवाच. पगार किती, बदली कुठे, रात्री बोलावणं आलं तर काय, एमपीएससीतून सरकारी जागा किती निघतात, खासगी दवाखाना काढायला पशुवैद्यक परिषदेची नोंदणी कशी करायची, हे त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. तुम्ही शेजारी बसून ऐका.