टूलपाथ बिघडलाय असं म्हणण्याआधी : सीएनसी लेथवाल्यांसाठी तयारीची यादी

सीएनसी लेथवर (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या टर्निंगच्या मशीनवर) जॉबचं माप चुकलं किंवा टूल आपली ठरलेली वाट, म्हणजे टूलपाथ, सोडून भलतीकडे गेलं की शॉपफ्लोअरवर पहिलं वाक्य ऐकू येतं, "सर, प्रोग्राममध्येच घोळ आहे." दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी एडिट मोडमध्ये जाऊन आकडे बदलायला लागतं. वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा, पिसुर्ले, गोव्यातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, हेच चालतं. ही यादी त्या दुसऱ्या मिनिटासाठी आहे. जॉब तयार होईपर्यंत माहिती ड्रॉइंग, कॅम सॉफ्टवेअर (टूलची वाट आखणारं), पोस्ट प्रोसेसर किंवा नुसता पोस्ट (ती वाट मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा), कंट्रोल (मशीनवरचा संगणक) आणि शेवटी टूल-ऑफसेट (प्रत्येक टूलच्या टोकाची भरलेली मापं) अशा पाच टप्प्यांतून जाते. घोळ नेमका कुठल्या टप्प्यावर झाला हे कळेपर्यंत प्रोग्रामच्या एकाही ओळीला हात लावू नका. आकडा बदलून आजचं माप जमेल, पण कारण जागेवरच राहील आणि पुढच्या बॅचला दुसरंच रूप घेऊन समोर येईल.

सगळ्यात आधी प्रत्येक मशीनची एक पानभर माहिती लिहून पॅनेलच्या आतल्या बाजूला लावा. कंट्रोलचं मॉडेल, टरेट (टूलं धरणारं फिरतं डोकं) ऑपरेटरच्या बाजूला आहे की पलीकडे, एक्स व्यासात चालतो की त्रिज्येत, चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) छापलेला कमाल आरपीएम, जॉ (चकचे जबडे) चकच्या तोंडापासून किती पुढे येतात, आणि कंट्रोल फॅनक कंपनीचा असेल तर जी कोडची सिस्टिम ए आहे की बी. ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक तपासतात, म्हणून तिथे जरा थांबतो. सिस्टिम ए मध्ये जी५० ने स्पिंडलची (जॉब फिरवणाऱ्या दांड्याची) कमाल गती बांधतात, जी९२ ही थ्रेडिंगची सायकल, जी९० ही टर्निंगची सायकल, आणि इन्क्रिमेंटल चाल (आधीच्या जागेपासून मोजलेली) यू-डब्ल्यूने देतात. सिस्टिम बी मध्ये गती बांधायला जी९२, थ्रेडिंगला जी७८, आणि जी९०-जी९१ म्हणजे ॲब्सोल्यूट-इन्क्रिमेंटल. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला की फेऱ्याला हे ए मध्ये जी९८-जी९९ ठरवतात, बी मध्ये जी९४-जी९५. आता समजा पोस्ट बी साठी बनवलेला आहे आणि मशीन ए वर आहे. सुरुवातीच्या 'सेफ' ओळीत जी९० आला की कंट्रोल पुढच्या एक्स-झेडला टर्निंग सायकल समजून कट मारून परत येणार. पडद्यावरचा टूलपाथ निर्दोष, मशीनवरची चाल वेगळीच. अशा वेळी कॅममध्ये कितीही शोधलं तरी काही सापडत नाही, कारण कॅममध्ये काही चुकलेलंच नसतं.

त्याच पानावर दशांश चिन्हाचीही नोंद हवी. फॅनकवर ३४०१ या पॅरामीटरचा शून्यावा बिट ठरवतो की 'एक्स५०' म्हणजे ५० मिलीमीटर की ०.०५० मिलीमीटर. दोन मशीनवर तो वेगवेगळा असू शकतो, आणि हाताने ओळ घालणारा माणूस टिंब द्यायला विसरला तर टूल सरळ जॉबच्या मध्याकडे निघतं. टिंब द्यायची सवय सगळ्यांनाच लावा, पॅरामीटर काहीही असो. कंट्रोल सीमेन्सचा असेल तर गती बांधायला लिम्स ही आज्ञा आहे का आणि व्यासासाठी डायमॉन चालू आहे का, एवढं पानावर असलं तरी पुष्कळ झालं.

मग कॅम. मास्टरकॅम, फ्यूजन, सॉलिडकॅम, एजकॅम, कुठलंही घ्या, स्टॉक, म्हणजे कच्च्या मालाचं माप, खरं भरा. बारचा व्यास ५२ असताना ५० भरला तर सॉफ्टवेअर रॅपिडने (कट न मारता जलद सरकताना) जिथे मोकळी हवा समजतं तिथे लोखंड असतं. चक आणि जॉ मॉडेलमध्ये घ्या, नाहीतर पार्टिंगच्या (जॉब कापून वेगळा करण्याच्या) वेळी टूल कुठे थांबेल हे सॉफ्टवेअरला कळणारच नाही. "सॉफ्टवेअर अंडरकटमध्ये उतरतच नाही" ही तक्रार आली तर आधी इन्सर्ट (कापणारी बदलती टीप) आणि तिचा होल्डर पाहा. सीएनएमजी या इन्सर्टचा कोपरा ८० अंशांचा. तो ९५ अंशांच्या होल्डरमध्ये बसला की मागच्या बाजूला उरतात जेमतेम ५ अंश. त्याहून तीव्र उतार आला तर सॉफ्टवेअर तिथे माल सोडून देतं, आणि ते बरोबरच आहे. ९३ अंशांच्या होल्डरमध्ये डीएनएमजीला ३२ अंश मिळतात, व्हीएनएमजीला ५२. उलट टूल लायब्ररीत व्हीएनएमजी आणि टरेटवर सीएनएमजी असेल, तर सॉफ्टवेअर खुशाल उतरेल आणि इन्सर्टची मागची कड जॉबवर घासेल. त्यामुळे लायब्ररीतलं प्रत्येक टूल प्रत्यक्ष होल्डर हातात घेऊन पडताळलेलं असायला हवं.

आणखी एक गोष्ट मी शिकाऊ मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. कॅमच्या आतलं सिम्युलेशन बहुतेक वेळा पोस्टच्या आधीची चाल दाखवतं. तिथे सगळं हिरवं दिसलं याचा अर्थ एनसी फाइल (पोस्टमधून निघून मशीनवर जाणारा प्रोग्राम) बरोबर आहे असा होत नाही. फाइल उघडून वाचावीच लागते. पूर्ण नको, सुरुवातीच्या ओळी आणि प्रत्येक टूल बदलानंतरच्या काही ओळी पुरेत. टूल बदल सुरक्षित जागी होतोय का, टी०१०१ मध्ये ऑफसेटचा आकडा टूलशी जुळतोय का, आणि जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) येण्याआधी कमाल गती बांधली आहे का. हे तिसरं कधीच सोडू नका. कटिंग स्पीड २०० मीटर धरला तर ५० च्या व्यासावर सुमारे १,२७३ आरपीएम येतात, १० वर ६,३६६, आणि ५ वर १२,७०० च्या वर. फेसिंग करत टूल मध्याकडे जातं तसा स्पिंडल बांधलेल्या मर्यादेपर्यंत चढतच जातो. जितका वेग वाढतो तितके जॉ बाहेर ओढले जाऊन पकड ढिली होते. पातळ रिंग किंवा सॉफ्ट जॉमध्ये कमी लांबीवर धरलेला जॉब असेल तर मर्यादा चकवर छापलेल्या आकड्याच्या बरीच खाली बांधा.

सायकलचे घोळ वेगळ्या जातीचे असतात आणि अलार्म त्यांच्याकडे सरळ बोट दाखवतो. ६१ ते ६६ च्या दरम्यानचा अलार्म आला की जी७० ते जी७६ या तयार सायकलींच्या ओळी पाहायच्या. पी-क्यूचे (आकाराच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे) नंबर प्रोग्राममध्ये आहेत का, आकार एकाच दिशेने चढतोय का की मध्ये खड्डा आहे, पहिल्या प्रकारच्या जी७१ मध्ये पीच्या ओळीत फक्त एक्सची चाल आहे का. बोअरिंग करताना जी७१ च्या दुसऱ्या ओळीतला यू उणे हवा, नाहीतर फिनिशसाठी ठेवायचा माल उलट्या बाजूला जातो आणि रफिंगमध्येच बोअर मोठा होतो. फिनिश बिघडली म्हणून रफिंगचा फीड शोधत बसू नका. पी-क्यूच्या मधला फीड जी७१ मध्ये धरला जात नाही, जी७० मध्ये धरला जातो. थ्रेडिंगमध्ये एम२०×२.५ चं उदाहरण घ्या. खोली साधारण १.५३४, तळाचा व्यास १६.९३२. जी७६ मध्ये ही खोली पी१५३४ अशी मायक्रॉनमध्ये, बिनटिंबाची लिहायची. टिंब दिलं तर अलार्म येतो, आणि एक अंक कमी पडला तर तोही येत नाही, थेट चुकीचा आटा येतो. थ्रेडिंग जी९७ (कायम आरपीएम) वरच करा, आणि टूलला जॉबच्या आधी दोन-तीन पिचची मोकळी जागा द्या, नाहीतर पहिले आटे पिच धरत नाहीत.

आता ज्या दोषावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो, म्हणजे नोज रेडियस, इन्सर्टच्या टोकाची गोलाई. खूण पक्की आहे: सरळ व्यास आणि फेस मापात येतात, टेपर, रेडियस आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) येत नाहीत. असं दिसलं की एक्सचा ऑफसेट हलवू नका, त्याने बरोबर असलेले व्यास बिघडतील. ०.८ च्या इन्सर्टने १ मिमी बाय ४५ अंशांचा चॅम्फर मारून मोजा. नोजची भरपाई झालीच नसेल तर चॅम्फर जवळजवळ निम्मा, ०.५३ मिमीच्या आसपास येतो. तो दीडच्या जवळ, सुमारे १.४७ आला तर भरपाई दोनदा झाली आहे, एकदा कॅममध्ये आणि एकदा कंट्रोलवर. एका चॅम्फरने दोन्ही शक्यता वेगळ्या होतात. दोनदा झाली असेल तर भरपाई करणारा एकच ठरवा. कॅमने टूलपाथ आधीच सरकवला असेल आणि फाइलमध्ये तरीही जी४२ (कंट्रोलवरची नोज भरपाई चालू करणारा कोड) असेल, तर ऑफसेट पानावरचा आर शून्य हवा. कॅमने सरकवला नसेल तर आर ०.८ हवा आणि टीपचा नंबर (टोक कुठल्या दिशेला आहे हे सांगणारा) बरोबर हवा. पलीकडच्या टरेटवर बाहेरून चककडे टर्निंगला ३, बोअरिंगला २. जॉमेट्री (टूलची मूळ मापं) आणि वेअर (झिजेची दुरुस्ती) या दोन्ही पानांवरच्या आरची बेरीज होते, त्यामुळे वेअर पानावर कोणीतरी कधीतरी भरलेला आर तिथे बसून राहिलाय का हेही पाहा. ४१ नंबरचा अलार्म आला तर जी४२ चालू करतानाची चाल नोजपेक्षा लांब आहे का आणि आकारात नोजपेक्षा लहान पायरी किंवा आतला कोपरा आहे का, एवढं तपासलं की बहुतेक वेळा कारण हाती लागतं.

२० नंबरच्या अलार्ममध्ये आर्कची सुरुवात आणि शेवट यांच्या त्रिज्या जुळत नसतात. पोस्ट किती दशांश स्थळं देतो ते पाहा, हाताने बदललेला एक्स असेल तर आय-केही (आर्कच्या केंद्राची मापं) बदलला का ते पाहा.

फाइल मशीनपर्यंत पोचवताना होणारे घोळ क्षुल्लक वाटतात, पण दुपार खाऊन टाकतात. वर्डमध्ये उघडून जपलेल्या प्रोग्राममध्ये उणे चिन्हाच्या जागी लांब रेघ येते आणि कंट्रोलला ती कळत नाही. साधा नोटपॅड वापरा, शेरे इंग्रजी मोठ्या अक्षरांतच ठेवा, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह राहू द्या. फॅनकवर कार्डसाठी चॅनेल ४ आणि यूएसबी असेल तिथे १७. जुन्या मशीनवर आरएस२३२ केबल असेल तर ८५, ८६, ८७ हे अलार्म प्रोग्रामचे नसून संपर्काचे आहेत. बॉड रेट आणि पॅरिटी दोन्हीकडे सारखी करा. केबल लावताना-काढताना मशीन आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात विजा कडाडतात तेव्हा ती केबल लावलेली ठेवू नका, तेवढ्याने पोर्ट वाचतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात ट्रॉलर जेटीला लागलेले असतात आणि दुरुस्तीची कामं निघतात: शाफ्ट, गनमेटलचे बुश, एकेक नगाचे जॉब. तिथे नवा प्रोग्राम कोणी करत नाही, जुनाच उघडून मापं बदलली जातात. अशा जॉबला जुना प्रोग्राम नव्या नंबरने कॉपी करा, वरच्या शेऱ्यात तारीख घाला, वेअर ऑफसेट शून्य करा आणि झेडचा शून्य नव्याने घ्या. गनमेटलला स्टीलचा कटिंग डेटा तसाच राहून गेला नाही ना, तेही पाहा.

गणेश चवथीच्या सुट्टीत मशीन आठवडाभर बंद राहणार असेल तर त्याआधी पॅरामीटर, ऑफसेट आणि सगळे प्रोग्राम कार्डवर घ्या आणि ते कार्ड ऑफिसात ठेवा. बॅटरीची सूचना दिसत असेल तर सुट्टीनंतर बघू म्हणू नका. ॲब्सोल्यूट एन्कोडरची (मशीनची जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाची) बॅटरी कंट्रोल चालू असतानाच बदलायची असते. बंद असताना काढली तर मशीनचा झिरो जातो आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी सगळे जॉब सरकलेले दिसतात. त्यावेळीही दोष प्रोग्रामवरच जातो.

पहिला नग चालवण्याची तयारी: ग्राफिक्सवर चाल पाहा, मग झेड १०० मिमी बाहेर सरकवून सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ करून) हवेत चालवा. रॅपिड २५ टक्क्यांवर, एक बोट फीड होल्डवर, नजर 'डिस्टन्स टू गो'वर (अजून किती जायचंय या आकड्यावर). टूल जॉबपासून ५ मिमीवर दिसतंय आणि पडद्यावर अजून ४० जायचे दाखवतंय, तर तिथेच थांबवा. थ्रेडिंग चालू झाल्यावर फीड होल्ड लगेच लागू होत नाही, म्हणून ती चाल आधी हवेतच खात्रीची करून घ्या. मशीन लॉक (टूल न हलवता प्रोग्राम चालवणं) वापरलं असेल तर नंतर रेफरन्स घेतल्याशिवाय ऑटोला हात नको, कारण पडद्यावरची जागा आणि खरी जागा आता एक नसतात.

एवढं करूनही अडलं तर रीसेट दाबण्याआधी फोनवर फोटो काढा: अलार्मचं पान, ज्या ओळीवर थांबलं ती ओळ, चालू जी कोड दाखवणारं पान, त्या टूलचा ऑफसेट. जॉबवर प्रत्यक्ष मोजलेली मापं ड्रॉइंगच्या झेरॉक्सवर लाल पेनने लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत टिपा. दोष पोस्टमध्ये असल्याचं दिसलं तर एनसी फाइल हाताने दुरुस्त करून गप्प बसू नका. कॅमची मूळ फाइल, पोस्टमधून निघालेली एनसी फाइल आणि त्याच ओळी मशीनला कशा हव्यात याचा छोटा नमुना, हे तिन्ही एकत्र करून पोस्ट देणाऱ्याकडे पाठवा. दुरुस्त पोस्ट आला की जुना त्याच दिवशी संगणकावरून काढून टाका.