टेबलावरचा राक्षस: हॅरीहाउसन यांच्या रीतीने

तेरा वर्षांचे असताना, १९३३ मध्ये, पुढे चित्रपटांतले राक्षस घडवणारे रे हॅरीहाउसन यांनी लॉस एंजेलिसमध्ये विलिस ओब्रायन यांनी पडद्यावर जिवंत केलेला महाकाय वानर, ‘किंग काँग’, पाहिला. १९४९ च्या एका चित्रपटात त्यांनी ओब्रायन यांच्याच हाताखाली काम केले आणि पुढे तुटपुंज्या खर्चात एकहाती भागेल अशी स्वतःची रीत बसवली. खऱ्या चित्रित दृश्यात, एकेक चित्र टिपत किंचित हलवलेली बाहुली मिसळण्याची ही रीत ‘डायनामेशन’ या नावाने ओळखली गेली. टेबल, लॅपटॉप आणि मोबाइल एवढ्यावर ती घरीही करून पाहता येते.

प्रथम मोबाइल ट्रायपॉडवर पक्का बसवून खरे दृश्य चित्रित करावे. राक्षसाचा डोळा जेवढ्या उंचीवर येणार असेल तेथे काठी धरून नटाची नजर आधीच ठरवून घ्यावी. चौकटीच्या खालच्या भागात फुटपाथची कड किंवा दगडांची रांग असावी, कारण पुढचा सगळा जोड तिच्याच आड लपवायचा आहे.

बाहुलीला अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा पुरतो. हॅरीहाउसन यांचे सांगाडे धातूचे, उखळीच्या सांध्यांचे असत आणि ते बहुधा त्यांचे वडील घडवून देत. अवयव मात्र बेताने द्यावेत. १९५५ मध्ये पैसे वाचवण्यासाठी त्यांनी ऑक्टोपसलाही सहाच भुजा दिल्या होत्या!

आता दृश्य सेकंदाला १२ चित्रे या हिशेबाने सुटे करून लॅपटॉपवर एकेक चित्र उघडावे, समोरच्या टेबलावर बाहुली किंचित हलवावी आणि मोबाइलचा फोकस व प्रकाशमान (एक्स्पोजर) कुलूपबंद ठेवून छायाचित्र घ्यावे. टेबलाची कड दृश्यातील फुटपाथच्या कडेच्या किंवा दगडांच्या त्या रेषेशी जुळली पाहिजे, आणि बाहुलीवरचा दिवा लॅपटॉपच्या पडद्यावर पडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा करावा. हॅरीहाउसन कॅमेऱ्यापुढच्या काचेवर रेषेखालचा भाग काळा करीत, मग फिल्म मागे गुंडाळून वरचा भाग झाकत आणि फक्त खालचा भाग त्याच फिल्मवर उतरवीत. त्यामुळे बाहुली दृश्याच्या मधोमध उभी दिसे. आपण टेबल बाजूला सारून तीच चित्रे लॅपटॉपवरून पुन्हा टिपावीत आणि संकलनात रेषेखालचा भाग या दुसऱ्या फेरीतून घ्यावा. मूळ चित्रीकरणाचा तुकडा तेथे थेट चिकटवल्यास रंग जुळत नाहीत आणि जोड उघडा पडतो.

हॅरीहाउसन यांच्या १९६३ च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ या चित्रपटातील सात हाडांचे सापळे आणि तीन माणसे यांच्या लढाईला साडेचार महिने लागले होते. पहिला प्रयोग तीन सेकंदांचाच, म्हणजे ३६ चित्रांचा ठेवावा.