ब्रोमॉइल प्रिंटच्या उजळ भागांवर शाई चढत होती, तेव्हा केलेला उपाय

ब्रोमॉइल म्हणजे फोटोची प्रिंट ब्लीच करून तिच्यावर ब्रशने तेलकट शाईचं चित्र उभं करायची पद्धत. अडचण अशी की सावल्यांसोबत आकाशही करडं होत होतं. शाईचा दोष वाटला, पण मूळ फोटो-कागदावरच्या जिलेटिनच्या थरात होतं. ब्लीच केल्यावर उजळ भागांतलं जिलेटिन पाणी पिऊन फुगतं आणि तेलकट शाई झटकतं. ते पुरेसं फुगलं नाही तर शाई सगळीकडे बसते.

आधी १८ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवत होतो. आता २५ अंशांवर वीस मिनिटं. प्रिंट तिरकी धरली की फुगलेल्या भागांचा उठाव दिसायला हवा. दिसला नाही तर पाणी दोन-तीन अंशांनी वाढवायचं. फार गरम पाण्यात मात्र थर सुटतो. मग ओल्या कापडाच्या गादीवर ठेवून पृष्ठभागावरचं पाणी नीट टिपायचं. एक थेंब राहिला तरी तिथे पांढरा ठिपका पडतो.

दुसरी दुरुस्ती शाईची. लिथो (शिळाछापाची) शाई जितकी घट्ट, तितकी ती फक्त सावल्यांना धरते. सैल असेल तर ती घट्ट करायला चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड तिच्यात घोटायची. काचेवर अगदी पातळ थर पसरून ब्रश त्यावर टेकवायचा. मधले टोन उमटवायला नंतर जवस तेलाचा अर्धा थेंब पुरतो.

खरी कमाल तिरक्या कापाच्या ब्रशची. हळू दाबला की शाई बसते, झटक्यात उचलत ठोकला की जादा शाई निघते. आकाश असंच साफ झालं. प्रिंट सुकू लागली की थांबून पुन्हा भिजवायची, कारण कोरड्या जिलेटिनवर चढलेली शाई सहज निघत नाही.